डब्यावर ऑक्सिजन लिहिलंय म्हणून तळ्यात ओतायचं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती टिप्सच्या चौकटीत ऑक्सिजन ब्लीचबद्दल दहा-बारा ओळी आल्या होत्या. पांढरे कपडे, बेसिन, फरशी, कमळाचं टाकं, तळं, सगळीकडे चालतं, यात केमिकल नाही, फक्त ऑक्सिजन सुटतो, असं काहीसं लिहिलेलं. त्या चौकटीचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि ग्रुपवरून थेट माझ्या धाकट्या भावाच्या शेततळ्यात गेला, ते कसं ते पुढे सांगतेच. पण आधी एक कबूल करते, ही पावडर मी स्वतः सात-आठ वर्षं वापरतेय आणि मला ती आवडते. तेव्हा हे पत्र पावडरीच्या विरोधात नाहीये, त्या दहा-बारा ओळींच्या विरोधात आहे.

मी २८ वर्षं ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते. द्रावणं करून ठेवायची, ब्युरेट धुवायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं हे काम. शास्त्रज्ञ वगैरे नाही मी, पण "केमिकल नाही" असं कुठे वाचलं की अजून डोकं उठतं. अहो पाणी पण केमिकल आणि मीठ पण केमिकल! ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट, आणि सोप्या भाषेत सांगायचं तर धुण्याच्या सोड्याच्या दाण्यात धरून ठेवलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. शुद्ध पावडर असेल तर १ किलोमध्ये साधारण ३२५ ग्रॅम पेरॉक्साइड बसतं, बाजारात मिळते त्यात पावणेतीनशेच्या आसपास धरा, बाकी सगळा सोडा. पाण्यात टाकलं की दोघं वेगळे होतात, पेरॉक्साइड डाग खातं आणि शेवटी त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो. हे काही आजचं नवं नाही. पेरॉक्साइड थेनार्ड नावाच्या फ्रेंच केमिस्टनं १८१८ मध्ये शोधलं, ही पावडर तानातार नावाच्या रशियन केमिस्टनं १८९९ मध्ये बनवली, आणि जर्मनीत १९०७ साली पर्सिल नावाची कपड्याची पावडर आली तिच्यात हिचीच बहीण परबोरेट होती, पर्सिलमधलं पर ते तिथलं. म्हणजे आपले परीट भट्टी लावून सोड्यात कपडे उकळत होते तेव्हा तिकडे हे डब्यात मिळत होतं.

आपल्याकडे खरा घोळ ब्लीच या शब्दाचा आहे. ब्लीच म्हटलं की पार्लरवाल्या पोरींना चेहऱ्याचं ब्लीच आठवतं, ग्रामपंचायतीच्या शिपायाला विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आठवते, आणि शहरातल्या बायकांना ती क्लोरीनच्या वासाची बाटली, जिचा एक थेंब रंगीत साडीवर उडाला की तिथे कायमचा पांढरा ठिपका. टीसीएल आणि ती बाटली या दोन्ही क्लोरीनच्या घरातल्या. ऑक्सिजनवाली वेगळी, तिला वास नाही, रंगीत सुती कपड्याला बहुतेक वेळा काही होत नाही (तरी आतल्या शिलाईवर आधी लावून बघायचं, मी बघते). पण नाव एकच असल्यामुळे लोक एकीच्या जागी दुसरी वापरतात, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन्ही एकत्र करतात.

आता घरातलं सांगते. या पावडरीला गरम पाणी लागतं. थंड पाण्यात टाकून "काही उपयोग नाही हो" म्हणणाऱ्या निम्म्या बायका इथेच चुकतात. ४० ते ६० डिग्री पाहिजे, म्हणजे बंबातलं किंवा सोलरचं कडकडीत पाणी बादलीत घ्या, त्यात पावडर पूर्ण विरघळवा आणि मग कपडे बुडवा, कोरडी पावडर कपड्यावर भुरभुरवू नका. १५ लिटरच्या बादलीला मी चार मोठे चमचे घेते. तास-दोन तासात काम होतं, फार तर रात्रभर ठेवा, पण पाच-सहा तासांनी त्या पाण्यात जोर उरत नाही, म्हणून काल विरघळवलेलं पाणी आज परत वापरायला गेलात तर तुम्ही नुसत्या सोड्यात कपडे भिजवताय. परदेशी डब्यांवर थंड पाण्यात चालेल असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, त्यात टीएईडी नावाचं आणखी एक घातलेलं असतं ते कमी तापमानाला मदत करतं. सुट्या पावडरीत ते नसतं.

चहाचे डाग, घामानं पिवळे पडलेले बनियन, शाळेचे पांढरे शर्ट, जेवणाच्या टेबलावरचा रुमाल, यांना हिच्यासारखी दुसरी नाही. स्टीलच्या थर्मासात आतून चहाचा काळा थर बसतो ना, त्यात एक चमचा पावडर आणि उकळतं पाणी, झाकण उघडं, अर्ध्या तासात आतून चकाचक. वॉशिंग मशीनच्या ड्रमला वास येत असेल तर कपडे न घालता एक वाटी पावडर टाकून गरम पाण्यावर चालवा, काय काय तपकिरी पापुद्रे बाहेर येतात ते बघून दोन दिवस जेवण जाणार नाही. मोरीतल्या फरशीच्या फटींना ओली पेस्ट लावून पंधरा मिनिटांनी ब्रश. हळदीचा डाग मात्र आधी घाबरवतो. पावडरीत बुडवला की पिवळ्याचा लालभडक होतो, कारण सोड्यानं हळद लाल होते, आम्ही लॅबमध्ये हळदीचे कागद करून पोरांना हेच दाखवायचो. माझ्या सुनेनं पहिल्यांदा ते बघितलं आणि कुंकू सांडलं की काय म्हणून किंचाळली. डाग जातो, पण हळूहळू.

जे जमत नाही ते पण सांगायला पाहिजे ना, आपल्या चौकटीत ते एका ओळीनंही नव्हतं. पैठणी, इरकलीतलं रेशीम, लोकरीचा स्वेटर यांच्या जवळ ही न्यायची नाही, सोडा त्या धाग्याला खातो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात भिजवायचं नाही, पातेलं काळं पडतं. गंजाचा डाग हिनं निघत नाही, उलट कपड्यावर गंज असेल तर लोखंडामुळे पेरॉक्साइड तिथेच जोरात फुटतं आणि त्या जागी कापड विरून भोक पडू शकतं, गंजाला लिंबूच. आमच्या सांगोल्याकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर नळावर बसतो, त्यालाही आम्ल लागतं, हिचं काम नाही ते. हातमोजे घालायचे, द्रावण बऱ्यापैकी अल्कली असतं, हाताची साल निघते आणि डोळ्यात गेलं तर दवाखाना.

आणि झाकण! माझ्या नणंदेनं हे पाणी करून स्प्रेच्या बाटलीत भरलं, घट्ट फिरवून ओट्याखाली ठेवलं, रात्री अकराला फटाका वाजल्यासारखा आवाज, बाटली फुटून सगळं ओट्याखाली. आतल्या आत ऑक्सिजन सुटत राहतो, त्याला जायला जागा नको? लागेल तेवढंच करायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. कोरडी पावडर सुद्धा ओल्या चमच्यानं घ्यायची नाही, पावसाळ्यात तर डबा आत कोरड्या जागी. शेतातल्या खोलीत गंधकाच्या पोत्याशेजारी किंवा डिझेलच्या कॅनशेजारी तर अजिबात नको, ही पावडर आग लावत नसली तरी लागलेल्या आगीला ऑक्सिजन पुरवते. डाळिंबवाल्यांकडे गंधक असतंच, म्हणून मुद्दाम लिहितेय.

संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ही मिसळू नका. टीसीएलमध्ये पण मिसळू नका, दोन्ही एकमेकांना मारतात, फसफसून वर येतं आणि हातात काही उरत नाही. आणि टीसीएल किंवा क्लोरीनची बाटली ॲसिडबरोबर तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

आता सुटी पावडर. तालुक्याला दोन-तीन दुकानात "ऑक्सिजन पावडर" म्हणून बिननावाच्या पिशवीत मिळते. त्यात खरंच परकार्बोनेट आहे की नुसता धुण्याचा सोडा, बघून कळत नाही, दोन्ही पांढरंच. लॅबमधली सवय म्हणून मी एक करते. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर पावडर विरघळवायची आणि त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाकायची. बटाट्यात पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे पावडर खरी असेल तर फोडीभोवती बुडबुड्यांचा फेस जमतो. सोडा असेल तर फोड नुसती बसून राहते. एका दुकानातली पिशवी अशीच बसून राहिली होती, पैसे ऑक्सिजनचे आणि माल सोड्याचा.

आता तळं. भावाचं शेततळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं, डाळिंबाच्या ठिबकसाठी केलेलं आणि त्यातच रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडलेली. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं, शेवाळ फिल्टरमध्ये अडकून ठिबक बंद पडायला लागलं. आधी तो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकायचा, तांबं गाळात साठतं आणि माशांना बाधतं म्हणून मीच त्याला ओरडत असायचे. त्यात आपली चौकट आली. त्यानं काय केलं, २० किलो सुटी पावडर आणली, शिवाय किराणा दुकानातून कपड्याचे डाग काढायच्या पावडरीचे चार मोठे डबे, कारण डब्यावर ऑक्सिजन असं मोठ्ठं लिहिलेलं, आणि सगळं एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर चारी बाजूंनी फेकलं. मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला, शेवाळ पांढरं-पिवळं पडलेलं, आणि सोबत उलटा अंगठा. त्याला वरचा अंगठा पाठवायचा होता, चुकून खालचा दाबला म्हणे, पण बरोबरच निघालं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन, "अक्का, मासं सगळं वर आल्यात, तोंड उघडून बसल्यात बघ."

मी म्हणलं आधी मोटार चालू कर, पाइप उंच धर आणि तळ्यातलंच पाणी तळ्यात वरून पडू दे. दोन मोटारी लावल्या तेव्हा उन्हं येईपर्यंत काही तगले. बाकीचे पाट्यांनी काढून खड्ड्यात पुरले. दुकानदार म्हणतो आम्ही ऑक्सिजनच दिला होता, ऑक्सिजननं मासे मरतील का? आणि गंमत म्हणजे प्रश्न चुकीचा नाहीये, लोकांना नेमकं हेच कोडं पडतं.

तर ते असं. पेरॉक्साइडनं शेवाळ मेलं हे खरं. पण मेलेलं शेवाळ कुजायला लागलं की कुजवणारे जंतू पाण्यातला ऑक्सिजन ओढतात, आणि जिवंत शेवाळ दिवसा जो ऑक्सिजन सोडत होतं तोही बंद झालेला असतो. तळ्यात ऑक्सिजन दुपारी सगळ्यात जास्त आणि पहाटे सगळ्यात कमी, म्हणून मासे पहाटे मरतात. पावडरीतून मिळणारा ऑक्सिजन किती ते पण मी वहीत काढलं. तळ्याच्या बाजू उतरत्या, वर ३० तर तळाला २४ मीटर, भरलं असेल तर २१९६ घनमीटर पाणी, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. पण तेव्हा पाणी दीड मीटर होतं. दीड मीटर म्हणजे निम्मं नाही बरं का, खाली तळं अरुंद असतं, ते ९७६ घनमीटरच भरतं. भावानं हिशोब केला भरलेल्या तळ्याचा! लिटरला २ मिलीग्रॅम पेरॉक्साइड धरलं तर एवढ्या पाण्याला ७ किलो पावडर पुरली असती, त्यानं वीस टाकली. आणि त्या ७ किलोतून ऑक्सिजन मिळाला असता लिटरला जेमतेम १ मिलीग्रॅम, तोही एकदाच, जिथे रोहू-कटल्याला सतत ५ च्या आसपास लागतो. म्हणजे मासे जगवायला ही पावडर नाही, एअरेटर किंवा वरून पडणारं पाणीच. मत्स्यवाले ऑक्सिजनच्या गोळ्या विकतात त्या यातल्याच, पण त्या अडीनडीला तासाभराची सोय म्हणून.

कपड्याच्या डब्याची गोष्ट वेगळीच आहे. त्यात परकार्बोनेट असतं पण बरोबर साबणासारखे फेसाळ पदार्थ, एन्झाइम, वास, रंग. कपड्याला ते सगळं पाहिजे, माशाच्या कल्ल्यांना ते विष. पोरांनी तळ्यावर फेस बघितला होता म्हणे, कोणाला काही वाटलं नाही.

हे २ मिलीग्रॅम मी मनानं नाही काढलेलं. नेदरलँड्समध्ये २००९ साली कुट्सहाउस नावाच्या तळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा त्रास होता, तिथल्या संशोधकांनी लिटरला २ मिलीग्रॅम या प्रमाणात पातळ पेरॉक्साइड होडीतून सगळीकडे सारखं मिसळलं. ते शेवाळ काही दिवसात कोसळलं, सात आठवडे परत आलं नाही, आणि पेरॉक्साइड दोन-तीन दिवसात पाण्यातून नाहीसं झालं. निळ्या-हिरव्या शेवाळाला पेरॉक्साइड लवकर लागू पडतं, दोरीसारख्या हिरव्या शेवाळाला जास्त लागतं, ते हातानं नाहीतर दाताळ्यानं ओढून काढलेलंच बरं. आणि तिकडेही ते कायमचं गेलं असं नाही. आपल्याकडे तर तळ्यात खत वाहून येतं, कोंबडीखत लोक मुद्दाम टाकतात, माशांचं उरलेलं खाद्य तळाला बसतं, तेवढं जेवण मिळाल्यावर शेवाळ परत येणारच.

करायचंच असेल तर मी भावाला आता असं लिहून दिलंय. पाणी आज किती आहे ते मोजायचं. पावडर साधी, वास-रंग नसलेली, आणि बटाटा लावून बघितलेली. सकाळी ऊन असताना, ढगाळ दिवशी नाही आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. आधी निम्म्या तळ्याला, मग आठवडाभर थांबून मासे बघायचे आणि मगच उरलेल्या निम्म्याला. मेलेलं शेवाळ जाळीनं बाहेर काढायचं. चार-पाच रात्री मोटार किंवा एअरेटर चालू. शेवाळानं भरलेल्या तळ्याचा पीएच दुपारी तसाही चढलेला असतो, त्यात हा सोडा, आणि पीएच चढला की पाण्यातला अमोनिया माशांना जास्त जाचतो, म्हणून जास्त टाकून लवकर होईल हा हिशोब चालत नाही. अंगणातल्या कमळाच्या टाक्याला तर चिमूटभर, पानांवर न टाकता, पानावर दाणा पडला की तिथे भाजल्यासारखं होतं.

अजून एक, आमच्याच वाडीत एकानं विचारलं म्हणून. प्यायच्या विहिरीत टीसीएलच्या ऐवजी हे टाकलं तर? वास येत नाही ना. नाही, अजिबात नाही. पेरॉक्साइड काम करून निघून जातं, मागे पहारा ठेवत नाही. क्लोरीन थोडा उरतो म्हणून तर नळाच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी सुरक्षित राहतं, आणि ओटी टेस्टला पिवळा रंग आला की तो आहे हे कळतं. १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, एक तास थांबायचं, वास सहन करायचा.

संपादक साहेब, माझी मागणी फार नाही. एक, त्या चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी छापा, आतल्या पानावर खाली दोन ओळीत नको, कारण लोकांनी फोटो वरच्याचा काढलाय. दोन, अशी टिप छापताना प्रमाण छापा, किती लिटरला किती, आणि कुठे चालत नाही ते पण. तीन, सुट्या पिशव्या विकणाऱ्यांना आत काय आहे, किती टक्के आहे आणि कधी भरलंय हे लिहायला लावा म्हणून तुमच्या वार्ताहराला एकदा बाजारात फिरवा, बटाटा मी देते.

भावानं आता पाऊस पडल्यावर परत बोटुकली सोडलीत, या खेपेला बाराशेच.

कळावे,
आपली एक जुनी वाचक, सांगोला

ता. क. हळदीच्या डागाचं राहिलंच. लाल झालेला कपडा गरम पाण्यातून काढून नीट पिळा आणि ओला असतानाच कडक उन्हात वाळत घाला. हळदीला उन्हाचं वावडं आहे, उरलेलं ते दोन दिवसात खातं. सुनेचा तो टेबलाचा रुमाल असाच निघाला.